जकात नाक्यावरची चौकशी

बसा पावणं, आधी बसा. उभ्या उभ्या मी कुणाशी बोलत नाही. माठ तिथं कोपऱ्यात आहे, पाणी घ्या — आणि तो टेम्पो गेटातनं बाजूला घ्यायला सांगायला हवं तुमच्या ड्रायव्हरला, आता कागलच्या कंपन्यांची पहिली पाळी सुटेल आणि आमची दुपारची बॅच मोटारसायकली दामटत येईल, त्यांना ब्रेक मारायची सवय नाही. राहू दे, बाळासो सांगतील, आमचे वॉचमन. हं. तर दारातनं काय विचारलंत तुम्ही मला? ‘संयोगिता हितंच शिकती न्हवं? कशी हाय पोरगी?’ नाव नाही, गाव नाही, एकदम कशी हाय पोरगी. कशी हवी होती तुम्हाला?

नाही, कोण ते सांगूच नका. मला कळलंय. कडक इस्त्रीचा सदरा, नवी टोपी, भर दुपारी गावाकडनं इथवर — ह्या वेषात माणूस एकतर लग्नाला जातो नाहीतर लग्न जमवायला. आणि टेम्पोत ताडपत्रीखाली काय झाकून आणलंय, गुळाच्या ढेपा? आमच्या गुरुप्रसाद सरांना? सर नाहीत आज. त्यांच्याकडं अजून दोन कॉलेजांचा चार्ज आहे, इथं ते बुधवारी येतात, तेही आले तर. आज मीच आहे. अवंतिका मॅडम म्हणतात मला, वेल्डिंग आणि फिटिंग शिकवते, कंत्राटावर. बाई असून? — तुम्ही नाही विचारलंत, पण तोंडावर दिसलं. सगळ्यांच्याच दिसतं.

तुळशीचं लग्न लागलं की तुमची रांग सुरू होते बघा. पद्धतही ठरलेली. आधी कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर विचारायचं, मग बाळासोंच्या हातावर तंबाखू मळायची, मग हळूच ऑफिसात. मुलगी कुणाबरोबर येते, डबा कुणाबरोबर खाते, मोबाइल किती बघते. एकानं तर मला विचारलं, जिना उतरताना आवाज करते का. इथं जिनाच नाही हो, बैठी इमारत आहे, पण तो घरनं प्रश्न ठरवून आला होता. मुलगी काय शिकते, तिला काय येतं, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. आणि हे कॉलेज कसलं आहे, हे तर नाहीच नाही. म्हणून माझा नियम आहे — मुलीची चौकशी करायची असेल तर आधी कॉलेजबद्दल ऐकायचं. सगळं. मधे बोलायचं नाही.

ही इमारत पूर्वी जकात नाका होती. ही खिडकी दिसतेय ना, ह्या खिडकीतनं ट्रकवाल्यांच्या पावत्या फाडायचे. जकात गेली, नाका ओस पडला, जुगारवाले बसायला लागले, मग कधीतरी सरकारला आठवण झाली की शहराच्या कडेला आपली एक इमारत आहे. तिथं कॉलेज काढलं. काढलं म्हणजे बोर्ड लावला. समुदाय महाविद्यालय. लोक आत येऊन विचारतात, कुठल्या समाजाचं? एकजण तर आपली जात सांगून म्हणाला, आमच्यातली किती पोरं हायत ते बघायला आलोय. मी म्हटलं, इथं फक्त दमलेल्या माणसांचा समाज आहे, तुम्ही त्यात बसत असाल तर या. रागावून गेला. जाऊ दे.

हायवेला ती मोठी इंजिनिअरिंग कॉलेजं बघितली असतील येताना, राजवाड्यासारख्या कमानी, कारंजं, लॉन. आमच्याकडं कमान नाही. पुढचा जकातीचा आडवा दांडा होता तो आमच्याच पोरांनी कापून त्याचं फाटक केलं, पहिल्या बॅचनं, तेच तुम्ही ढकलून आत आलात. इथं दहावी पास चालतो, नापास चालतो, चाळीस वर्षांचा चालतो. वेळापत्रक कंपनीच्या भोंग्यावर — पहिल्या पाळीची माणसं दुपारी, दुसऱ्या पाळीची सकाळी. रात्रपाळीवाले आले तर पहिला तास झोपतात, मी झोपू देते. वेल्डिंग आहे, कॉम्प्युटरवर लोखंड कापणारं सीएनसी मशीन आहे, दवाखान्यात रुग्ण सांभाळायचा कोर्स आहे, दूध तपासायचा आहे, आणि हो, शिवणकाम आहे. सगळ्या कोल्हापूरला आमचं शिवणकामच तेवढं माहीत आहे. ‘त्या नाक्यावर बायकांचे शिवणक्लास चालतात’ — झालं. आमचे वडील हायस्कूलला मास्तर होते, राजारामपुरीत, अजून ओळखीच्या लोकांना ते सांगत नाहीत मी कुठं शिकवते. ‘सरकारी कॉलेजात आहे,’ म्हणतात आणि विषय बदलतात. मी पुण्यातली कंपनी सोडून आले इथं. सोडून. काढलं नव्हतं मला.

आणि एकटे आमचे वडील कशाला — इथला प्रत्येक माणूस घरी काहीतरी दुसरंच सांगून येतो. शिरोळचा एक मुलगा आहे, घरचा तालेवार ऊसवाला, इंजिनिअरिंगला दोनदा आपटला, आता इथं सीएनसीवर त्याचा हात असा बसलाय की बघत राहावं — पण गावात अजून इंजिनिअरिंगलाच आहे तो. पाहुणे आले की पाढा म्हटल्यासारखा खोटा निकाल सांगतो. आमच्या झुंबरबाई, नातवंडं आहेत त्यांना, दूध तपासणी शिकतात आणि गावात सांगतात गुडघ्याला शेक द्यायला जाते. रोज? रोज. गाव म्हणतं, म्हातारीचा गुडघा काय बरा होईना. हसू नका. — हसला नाहीत? बरं. हसायला हवं होतं तिथं. सरकार पैसा देत नाही त्याचा राग नाही मला एवढा, पण स्वतःच्या हातानं काहीतरी शिकणं ही लपवायची गोष्ट कुणी केली इथं? तुम्ही केलीत. टोप्या घालून येता आणि विचारता, कशी हाय पोरगी.

थांबा. माझं संपलेलं नाही. ‘मी’ काय? मी, मी — तुम्ही कोण ते मला ठाऊक आहे म्हटलं ना.

गेल्या वर्षी भैरवी म्हणून मुलगी होती. ह्या टेबलापाशी, तुम्ही बसलाय तिथंच, तिच्या चौकशीला एक काका बसले होते, तुमच्याच वयाचे. तुमच्यासारखीच टोपी मांडीवर. मी वर्गात होते, ऑफिसात गुरुप्रसाद सर. सर स्वभावानं गोड. म्हणाले, काय विचारता, हिऱ्यासारखी मुलगी, कधी मान वर करून बोलत नाही, गुणी, कष्टाळू, नशीबवान असेल तो. झालं की. काका खूश, तिकडं सुपारी फुटली, परीक्षेच्या आधी मांडव पडला. त्या पोरीचा हात सीएनसीवर त्या शिरोळच्या मुलापेक्षा चांगला होता. मधे मला बाजारात भेटली, भाजी घेत होती, म्हणाली, मॅडम, मी बरी आहे. बरी आहे. मी काही विचारलं नव्हतं तिला. सरांना सांगितलं मी त्या दिवशी — तुम्ही तिचं कौतुक करून तिला विकलंत. सर चिडले, महिनाभर बोलले नाहीत. पण मी तेव्हापासून ठरवलं. चौकशीला आलेल्या माणसाला इथल्या मुलीचं एक चांगलं अक्षर सांगायचं नाही.

माझ्याही चौकशीला आले होते एकदा, माझ्या कॉलेजवर. आमच्या एका मॅडमनी सांगितलं, हुशार आहे पण फार बोलते. त्या एका वाक्यानं वाचले मी. तेव्हा वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

तर आता संयोगिता. ऐकायचंय ना? ऐका. स्वयंपाक — माहीत नाही, डबा तिची आई देते. मान वर करून बोलते. माझ्याशी वाद घालते. परवा मी फळ्यावर चुकले तर सगळ्यांदेखत म्हणाली, मॅडम, हे असं न्हाय व्हायचं. मुलांबरोबर काम करते, मुलांवर ओरडते, एकाला चुकीची जोडणी केली म्हणून हातोडीच्या दांड्यानं ढोसलंय तिनं. मागच्या शेडमधनं आवाज येतोय ना, चर्रर्र, चर्रर्र — तीच आहे ती. आत्ता, ह्या क्षणी. वेल्डिंग करते संयोगिता. लोखंड जोडते. अंगात निळा डगला, पायात कातडी बूट, तोंडावर झापड असलेलं हेल्मेट. हातावर ठिणग्यांचे डाग आहेत, इथं, मनगटाच्या वर, आणि गळ्याशी एक. जाणार नाहीत ते. तुमच्या मुलाला गोरी, नितळ सून — बायको हवी असेल तर दुसरीकडं बघा. सांगा घरी जाऊन. मुलगी आगीचं काम करते. सांगा की.

आता कसं बसलात नीट. मघापासून उठू उठू करत होतात.

तुमचा चेहरा का पडला ते मला कळतंय. तुम्हाला मध्यस्थानं सांगितलं असेल, मुलगी शिवणक्लासला जाते. हो ना? बरोबर आहे त्याचं. तिच्या घरीच तसं माहीत आहे. तिच्या आईला ठाऊक आहे खरं काय ते, बनाबाई स्वतः येऊन नाव घालून गेल्या, पण वडलांना शिवणकाम सांगितलंय. आता तुम्ही विचाराल, असं का? तर ते आकाराम म्हणून कुणी गृहस्थ आहेत, बिद्रीच्या अलीकडं गाव — मी बघितलेलं नाही त्यांना, कधी आले असतील तर ना इकडं. तरुणपणी गुऱ्हाळावर कामाला होते. चुलवाणाच्या तोंडाशी, जाळ घालायला. एकदा काहिलीतला उकळता रस दंडावर आला त्यांच्या. तेव्हापासून घरात नियम — माझ्या पोरीनं आगीपाशी जायचं न्हाय. चुलीपाशी चालतं हं. चूल म्हणजे आग नव्हे, चूल म्हणजे संसार. मी संयोगिताला म्हटलं, सरळ सांगून टाक की त्यांना, एवढं काय घाबरायचं बापाला? तर म्हणाली, घाबरत न्हाय मॅडम, त्यांना रात्री झोप लागायची न्हाय. आता ह्याला काय म्हणायचं? मला नाही पटलं. माणसाला झोप लागत नसेल तर त्यानं जागं राहावं, पोरीनं का हात बांधून बसायचं?

पण पोरगी मोठी खट आहे. मी विचारलं, घरी खोटं बोलतेस, वाईट नाही वाटत? म्हणाली, खोटं कुठं, शिवायलाच तर शिकते की, कापड जरा जाड हाय. हातावरचे डाग — इस्त्रीचा चटका. कपड्यांना वास — मशीनचं तेल. आणि डोळे. हे काम नवीन असताना एखादेवेळी काळ्या काचेशिवाय, उघड्या डोळ्यांनी जोडाचा उजेड बघितला जातो, मग रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, लाल होतात, पाणी गळत राहतं. सुरुवातीला तिला फार झालं तसं. बटाट्याचे काप ठेवून झोपायची. तर घरी काय सांगावं तिनं? म्हणे क्लासात मशीन कमी आहेत, मला हातानं टाके घालावे लागतात, सुई ओवून ओवून डोळे गेले. आणि त्या बापानं विश्वास ठेवला. रोज सकाळी विचारायचे म्हणे, आज मिळाली का मशीन? हिला हसू यायचं, मला सांगताना हसायची आणि मग एकदम उठून कामाला लागायची.

काय झालं? पाणी हवंय? घ्या ना, तिथं आहे म्हटलं.

तर हे सगळं मी तुम्हाला का सांगतेय — नाही, हे सांगायचं नव्हतं खरं म्हणजे. तुम्हाला फक्त वेल्डिंगचं सांगणार होते, म्हणजे तुम्ही आल्या वाटेनं जाल. आता ऐकलंच आहे तर एक लक्षात ठेवा, आणि हे मी हात जोडून नाही सांगत, दम देऊन सांगतेय. हे तिच्या वडलांच्या कानावर जाता कामा नये. सोमवारी तिला कागलच्या एका कंपनीत हजर व्हायचंय, ॲप्रेंटिस म्हणून, सगळ्या वर्कशॉपमध्ये एकटी मुलगी असणार ती. मी स्वतः चारदा जाऊन भांडलेय त्या माणसांशी, मुलगी नको म्हणत होते, मी म्हटलं, तिचा जोड तोडून दाखवा आणि मग नको म्हणा. वाकवला, आपटला, नाही तुटला. तिनं घरचं ठरवलंय — रविवारी सांगणार आहे वडलांना. तोच जोड घेऊन जाणार आहे घरी, ते जोडलेले दोन तुकडे, पिशवीतनं. ‘आबांच्या हातात देणार आणि म्हणणार, मोडून बघा.’ रोज घोकते ते. आबा असं म्हणाले तर मी असं म्हणणार. त्याआधी तुमच्यापैकी कुणी जाऊन चौकात वाजवलंत तर त्यांच्या कानी एवढंच पडेल की पोरगी आगीत काम करते, आणि सोमवारी फाटकाबाहेर पाय टाकू देणार नाहीत. ती त्यांना दुखवून नाही जायची. तेवढाच तिचा मूर्खपणा. मी असते तर गेले असते. म्हणून सांगते, परवापर्यंत तोंड —

काय हो बाळासो? इथनं ऐकू येत नाही, आत या. टेम्पोचं काय? उतरवलं? काय उतरवलं? मी कुठं सांगितलं काही उतरवायला —

शिलाई मशीन.

कुणासाठी शिलाई मशीन? शिवणच्या वर्गाला कुणी दिली? नाही, नीट सांगा, ड्रायव्हर काय म्हणाला तेच सांगा. ‘संयोगिताच्या वडलांनी पोरीसाठी घेतलीय, मॅडमना दाखवून बरी हाय का विचारायचंय.’ वडील कुठायत मग? ते तर —

बाळासो, तुम्ही जा. जा बाहेर. दार लावू नका, जा.

तुम्ही बोलायचं होतं ना. दारातच बोलायचं होतं. ‘मी’ म्हणालात, दोनदा म्हणालात — मीच — नाही, पण मला वाटलं — टोपी बघून — काका, हे बघा, मी जे म्हटलं ते तुम्हाला नव्हतं म्हटलं. म्हणजे तुम्हालाच म्हटलं, पण ते वेगळ्या माणसाला. चांगली आहे हो संयोगिता. हिऱ्यासारखी आहे. माझ्या सगळ्या वर्गात तिच्यासारखा हात — ते हातोडीचं खरं नाही. म्हणजे खरं आहे, पण चूक त्या मुलाची होती. आणि डोळ्यांचं आता काही नाही, पूर्वी होतं, आता ती नेमानं काच लावते, विचारा कुणालाही. मशीन — मशीन चांगली असणार. बघते मी. मला शिवणकामातलं कळत नाही पण बघते ना, बसा, पाणी —

कुठं निघालात? ऑफिसचं दार हे आहे. तिकडं शेड आहे, काका, तिकडं नका जाऊ आत्ता. ती जोड करतेय, मधेच हाक मारली तर हात हलेल तिचा. पाच मिनिटं थांबा, मी आणते तिला, मी सांगते सगळं, माझ्यावर ढकलते, मीच भरीला घातलं म्हणते. रविवारपर्यंत तरी — काका, तिला ते स्वतः सांगायचं होतं हो. तेवढं तिला —

बरं. बरं, जा. पण असं नाही. ही घ्या. ही काळी काच डोळ्यापुढं धरा, हातात धरायची असते, अशी. तिच्यातनं तुम्हाला ती नाही दिसणार, नुसता उजेड दिसेल, पण तसंच बघायचं असतं. उघड्या डोळ्यांनी नका बघू तिकडं. काका, काच घ्या. काका —

डोळे तरी मिटा.